एक वीत अंतर

आमच्या दारात चपलांच्या शेजारी बांबूची एक टोपली असायची. दीड वर्ष होती. आलेल्या माणसाने चपला काढायच्या, खिशातला मोबाइल काढून टोपलीत ठेवायचा आणि मग घरात यायचं, असा आमचा नियम होता. अख्ख्या गावात असा नियम दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता. तो बायकोने केला होता, पण बायकोला बोल लावण्यात अर्थ नाही. सगळं पाप माझंच.

मी मंडप-साउंडवाला. मुरबाड तालुका आणि तिकडे शहापूरच्या बाजूला तीसेक वर्षं मी लोकांच्या लग्नांना मंडप घातले आणि हळदींना साउंड लावले. माझ्या बेसचा आवाज कानात नाही, पोटात लागतो अशी ख्याती होती आणि त्याचा मला गर्व होता. म्हातारी माणसं तक्रार करायची. मी म्हणायचो, ज्याला शांतता पाहिजे त्याने माळशेजला जाऊन बसावं. असा मी माणूस. कुणाचं ऐकून घेणं माझ्या स्वभावातच नाही, आणि धंदाही असा की ऐकून घ्यायची वेळच येत नाही.

एका लग्नाच्या आदल्या दिवशी शिडीवर चढून कनात बांधत होतो. डोळ्यांपुढे अंधारी आली. वर होतो तो खाली आलो. वाळूच्या ढिगावर पडलो म्हणून हाडं शाबूत राहिली. लोक म्हणाले ऊन लागलं, मीही तेच म्हणालो. पण आठवड्यात पुन्हा दोनदा तसंच झालं, एकदा अंघोळ करताना आणि एकदा कल्याणच्या जीपमध्ये बसल्याबसल्या. मग डॉक्टरांनी ईसीजी काढला, कागद माझ्यापुढे धरला आणि सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला नीट पोचत नाही. ते अजून समजावून सांगत होते, पण मला कधीच कळलं होतं. वायर लूज झाली होती.

पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा आणि चपटा. वरून बोट फिरवलं की त्याची कड लागते. घरी सोडायच्या दिवशी मशीन तपासायला एक बाई आल्या. त्यांनी बॅगेतून एक काळी गोल चकती काढली, मधे भोक असलेली, आणि ती माझ्या छातीवर ठेवली. मला हसू आलं. म्हटलं, "बाई, हा तर स्पीकरचा मॅग्नेट. असले पन्नास माझ्या घरी पडलेत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चकती बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "नीट ऐका. हे मशीन सतत तुमच्या हृदयाकडे लक्ष ठेवून असतं. हृदयाने ठोका दिला तर गप्प बसतं, नाही दिला तर आपण देतं. मॅग्नेट वर धरलं की ते लक्ष ठेवायचं सोडून देतं आणि ठरलेल्या वेगाने ठोके देत सुटतं. काढलं की पुन्हा पूर्वीसारखं. आम्ही हे तपासायला करतो. तुम्ही घरी करायचं नाही."

"मग मी माझा धंदा बंद करू?"

"कशाला? एवढं अंतर ठेवा." त्यांनी हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एक वीत. मोबाइललाही तेच. डाव्या खिशात ठेवू नका, बोलताना उजव्या कानाला लावा. बाकी खुशाल जगा."

त्या वेळी बायको खाली औषधं आणायला गेली होती. ती वीत फक्त मी पाहिली.

घरी आल्यावर तीन आठवडे मी पडून होतो. डावा हात वर करायचा नाही, जड उचलायचं नाही. धंदा धाकट्या भावाने सांभाळला. एका दुपारी तो टेम्पो घेऊन वाशिंदला गेला होता, बायको वाडीत भाजी तोडायला गेली होती. मी उठलो आणि घराशेजारच्या गाळ्यात गेलो, जिथे आमचं सगळं सामान असतं. टेबलावर एक जळालेला स्पीकर खोलून ठेवला होता. त्याचं मॅग्नेट वेगळं काढलेलं होतं. मी ते उचललं आणि डाव्या खांद्याखाली मशीनवर धरलं.

का धरलं, हे मला पुष्कळ दिवस सांगता आलं नाही. आता सांगतो. मला बघायचं होतं की आत जो ठोका पडतोय तो माझा आहे की त्या डबीचा. तीन आठवडे मी रोज मनगट धरून बसायचो आणि मला ओळखच पटत नव्हती.

बाईंनी सांगितलं तसंच झालं. मी नुसता उभा होतो आणि छाती मात्र चढ चढल्यासारखी चालायला लागली. एका मापात, जराही इकडेतिकडे नाही. मानेत ठोके, कानात ठोके. मी घाबरलो ते त्या वेगाला नाही. मी घाबरलो, त्याला थांबवणारं माझ्यात कुणीच उरलं नाही याला. हातातून मॅग्नेट सुटलं ते पायाच्या अंगठ्यावर पडलं. छाती लगेच शांत झाली, पण मी मटकन खाली बसलो.

बायको आली तेव्हा मी जमिनीवर घामाघूम होऊन पाय धरून बसलेला.

"काय झाला वो? काय झाला?"

साठीला आलेल्या माणसाने खरं काय सांगायचं? लहान पोरासारखा मॅग्नेटशी खेळत होतो म्हणून सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "काय नाय गो. दारात पाय टाकला नि तिथनंच छातीत धडधडाय लागला. लय जोराचा मॅग्नेट हाय तो."

"दारातनंच?"

"दारातनंच."

तिने त्याच संध्याकाळी गाळ्याला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी भावाला सांगून सगळे स्पीकर त्याच्या घरी, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला हलवले. मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट येत गेली. टीव्ही समोरच्या भिंतीवर गेला, इतका लांब की बातम्यांखालची पट्टी मला वाचता येईना. मिक्सर शेजारणीकडे ठेवला, वाटण वाटायला ती तिकडे जायची. पहाटे नळाला पाणी येतं, त्याच्या अलार्मसाठी तिला मोबाइल उशाशी लागतो, म्हणून तिने आपलं अंथरूण स्वयंपाकघरात चुलीपाशी नेलं. आणि दारात ती टोपली आली.

पहिले काही दिवस मला हे सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. आपल्यामुळे घर हललं, याचं सुख होतं. गावातली माणसं भेटायला यायची, अदबीने मोबाइल टोपलीत ठेवायची, "मशीन कुठं हाय, दाव ना" म्हणायची. मी शर्टाचं बटण काढून दाखवायचो.

पण माणसाचा मोबाइल टोपलीत ठेवून घेतला की माणूसही निम्मा तिथेच राहतो, हे मला तेव्हा कळलं. समोर बसलेला बोलायचा माझ्याशी, बघायचा टोपलीकडे. टोपलीत एक वाजला की चौघं उठायचे. उठलेला पुन्हा बसायचा नाही. माझा एक जुना सोबती होता, टेम्पो चालवणारा. आम्ही रोज दुपारी पत्ते खेळायचो. तो आठवडाभर टोपलीकडे तोंड करून खेळला, चुकीची पानं टाकत राहिला. मग तो ओट्यावरच थांबायला लागला, मग रस्त्यावर. शेवटी शेवटी तो टेम्पोतूनच ओरडायचा, "बरा हाय ना रे?" मी हात वर करेपर्यंत टेम्पो वळणावर गेलेला असायचा.

मुलगी कल्याणला नोकरी करत होती आणि वाशिंदला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. तिचा रविवारी फोन यायचा. बायको मोबाइल ओट्याच्या कडेला ठेवून स्पीकर चालू करायची आणि मी आतल्या खाटेवरून ओरडायचो. ओरडून काय बोलता येतं? जेवलीस का, गाडी मिळाली का, पाऊस हाय का. सगळी आळी ऐकत असायची. एकदा ती काहीतरी हळू बोलली. मला ऐकू आलं नाही. बायकोने दारात येऊन मला सांगितलं, "ती इचारते, बाबा खरंच बरे हायत ना." मी ओरडून सांगितलं, "बरा हाय!" वाटलं होतं की उठावं, तो मोबाइल उचलावा आणि उजव्या कानाला लावावा. उठलो नाही.

सहा महिन्यांनी तपासणीला कल्याणला गेलो. तीच बाई. त्यांनी छातीवर एक वायरची चकती ठेवली आणि समोरच्या पडद्यावर माझं सहा महिन्यांचं आतलं सगळं उमटायला लागलं. एका ठिकाणी थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅग्नेट लावलं होतंत?"

मी पाठीवर पडल्यापडल्या पंख्याकडे बघत राहिलो. घरात कुणाला माहीत नव्हतं, पण डबीने लिहून ठेवलं होतं. "एकदाच," मी म्हणालो.

"पुन्हा करू नका. आणि एका वितीच्या पलीकडे असलेल्या मॅग्नेटला घाबरूही नका."

बायको बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. आत इतकी मशीनं, आपल्यामुळे काही बिघडेल म्हणून ती आत यायलाच तयार नव्हती. मी बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हनाल्या?" सांगायची इतकी चांगली वेळ होती. बाई आतच होत्या, त्यांनीच सांगितलं असतं. पण सांगायचं म्हणजे सहा महिन्यांचं सगळं उलगडायचं. तिचं अंथरूण, मिक्सर, टोपली. मी म्हणालो, "लांब राहा म्हनाल्या." तिने मान हलवली आणि डबा उघडला. आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसून भाकरी खाल्ली.

पुढच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. हळद आमच्या अंगणात. साउंडवाल्याच्या मुलीची हळद म्हटल्यावर गाव आधीपासून कान लावून बसलेला. घरात बैठक झाली, म्हणजे मी खाटेवर आणि बाकीचे दारापाशी. भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या पोरीची हळद. आवाज कमी कसा करू सांग. तू शाळेच्या व्हरांड्यात बस, मी तुला व्हिडिओ कॉल लावून देतो. एकजण मोबाइल लांब धरून उभा राहील."

मुलगी ताडकन म्हणाली, "बाबा नाय तर साउंड पण नको."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी बोललो ते भलतंच. म्हणालो, "साउंड पायजेच. मी बसतो शाळेत. पोरीच्या सुखापुढं माझा काय एवढा?"

बायकोने डोळ्यांना पदर लावला. भावाने माझे पाय धरले. लोक आठवडाभर म्हणत होते, बाप असावा तर असा. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला मी नवा पांढरा शर्ट घालून शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. सुट्टीचे दिवस, शाळेला कुलूप. भिंतीवर फळं आणि पक्षी रंगवलेले. पहिलीच्या मुलांचा एक बाक बाहेर होता, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. तिकडून भावाचा आवाज आला, "हॅलो, चेक, चेक." मग गाणं लागलं. डाव्या बाजूच्या स्पीकरचा आवाज फाटत होता. इतक्या लांबून मला ते कळत होतं आणि तिथे उभ्या असलेल्या एकालाही कळत नव्हतं. सांगणार कुणाला? माझ्या मुलीच्या अंगाला हळद लागणार होती आणि मी शाळेच्या ओसाड व्हरांड्यात बसून फाटका स्पीकर ऐकत होतो. आणि हे सगळं एका वितीच्या पायी. मला रडू आलं. बराच वेळ रडलो.

मग उठलो आणि शेतातून मागच्या बाजूने घरी गेलो. बायका पुढे मंडपात होत्या. स्वयंपाकघरात बायको एकटी, परातीत हळद कालवत होती. मला मागच्या दारात बघून ती किंचाळलीच.

"अवो! इकडं कशाला आले? मागं व्हा, माझ्याजवळ मोबाइल हाय!"

ती परात सोडून मागे मागे सरकत गेली. पाठ भिंतीला लागली तरी अजून सरकायला बघत होती. तीस वर्षं संसार केलेली माझी बायको मला बघून भिंतीत शिरत होती.

"दारातनं नाय लागला तो," मी म्हणालो.

"काय?"

"मॅग्नेट. दारातनं नाय लागला. मीच हातानं उचलून छातीला लावलेला. खोटा बोललो तुला. एक वीत लांब ठेवला की बास, त्या बाईनं तवाच सांगितलेला."

बाहेर गाणं चालू होतं, चुलीवरची भांडी थरथरत होती. ती ओरडेल, परात फेकेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तुमी दुपारचे झोपलाव का मी दारातनं बघायची, छाती हालते का. जवळ येऊन बघायची हिंमत नाय व्हायची." मग म्हणाली, "दीड वरीस."

मला वाटायचं, एकटा मीच पडलोय.

ती पुढे आली. कमरेचा मोबाइल काढून फळीवर ठेवला, ती सवयच झाली होती. हळदीने भरलेला हात माझ्या छातीवर आणला, अंगठा बरोबर मशीनच्या कडेवर टेकवला आणि करंगळी ताणली. दीड वर्षात त्या जागेला तिने पहिल्यांदा हात लावला.

"एवढाच?"

"तुझी वीत बारकी हाय गो."

"मंग दीड धरू," ती म्हणाली आणि रडायला लागली. नव्या शर्टावर दोन पिवळे ठसे उमटले, एक अंगठ्याचा आणि एक करंगळीचा. तोच शर्ट घालून मी मंडपात गेलो.

भावाने मला बघून आवाज बंद करायला धाव घेतली. बायकोने त्याला हातानेच थांबवलं. इतक्या लोकांत, इतक्या गोंगाटात कुणाला काय समजावणार, नंतर सांगू म्हटलं. मी स्पीकरपासून चांगला दहा हात लांब होतो. मुलगी पाटावर बसली होती, तोंड हळदीने माखलेलं. मी तिच्या गालांना हळद लावली. तिने माझा हात धरला, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि काहीतरी बोलली. माझा बेस वाजत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण लेक बापाच्या कानात हळदीला काय बोलेल, ते ऐकू यायलाच पाहिजे असं कुठे आहे? मी मान डोलावली आणि तिथेच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. टोपलीत आता कांदे असतात. अंथरूण परत आलं, टेम्पोवाला पत्ते घेऊन आला आणि पहिल्याच दिवशी मला हरवून गेला. भाऊ खरं ऐकून हसला, पण फार नाही. मला मात्र ते कानातलं बोलणं सुटेना. काय काय असेल ते मी मनात रचून बघायचो. कामं करताना स्वतःशीच हसायचो.

एका रविवारी तिचा फोन आला. मी मोबाइल उजव्या कानाला लावून ओट्यावर बसलो होतो. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी विचारलं, "हळदीला माझ्या कानात काय म्हनालीस गो तू?"

"कधी?"

"मी हळद लावली तवा."

तिला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, "काय नाय बाबा. म्हटलं, मागं सरा, साउंड चालू हाय, तुमाला काय व्हईल. तुमी मान हलवली नि तिथंच उभे. मी घाबरून तुमच्याकडंच बघत होते सगळा टाइम. हळद कशी गेली ते मला कळलाच नाय."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो होतो, नंतर सांगू.

मग मी तिला सगळं सांगितलं. गाळा, मॅग्नेट, दारातनं लागल्याचं खोटं, कल्याणचा बाक, शाळेचा व्हरांडा. ती मधे एकदाही बोलली नाही. माझं संपलं तरी बोलली नाही. फोन कानाला होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मी तो ऐकत बसलो.